बिननावाच्या शिखराखालची चूल

पाणी खदखदून उकळत असतानाही भात कच्चा राहू शकतो, असं मला कुंभकोणममध्ये कुणी सांगितलं असतं तर मी त्याला पंक्तीतून उठवलं असतं. मी लग्नाचा आचारी. माझ्या बापानेही हेच केलं आणि त्याच्या बापानेही. आमच्या घराण्यात कुणी तरी तंजावरच्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होतं म्हणतात. आमच्याकडचा प्रत्येक मराठी आचारी हेच सांगतो, तेव्हा तो मुदपाकखाना चांगलाच मोठा असला पाहिजे.

संपादकांनी या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितलं. लग्नातले लिहिले असते तर अंक पुरला नसता. रुसलेले व्याही, पायसम, म्हणजे खीर, सांडलेली पंगत, सांबारात मीठ जास्त म्हणून अडून बसलेला आणि तेच सांबार चारदा मागून घेतलेला नवऱ्याचा मामा, असे प्रकार सगळीकडेच होतात. म्हणून मी हिमालयात चूल मांडली होती ती हकीकत लिहितो. माझी भाषा त्यांनी थोडी घासूनपुसून घेतली असेल. आमची मराठी ऐकून पुण्याकडचे लोक हसतात. हसोत बापडे, हसल्याने अन्न पचतं.

एव्हरेस्टवर माणूस पोचून दोन-तीन वर्षं झाली होती. शिकलेल्या तरुणांत डोंगराचं वेड शिरलं होतं. तिरुविडैमरुदूरला एका लग्नात मद्रासचे एक डॉक्टर वरदन पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी पुळियोदरै, म्हणजे आमचा चिंचेचा भात, तीनदा घेतला आणि हात धुऊन थेट चुलीपाशी आले.

"हा भात किती दिवस टिकतो?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"भात दोन दिवस. पण त्यात कालवायचं पुळिकाच्चल, ते चिंचेचं आटवण, नीट तेल सुटेपर्यंत शिजवलं तर वर्षभर."

"बर्फात?"

"बर्फ मी सरबताच्या दुकानात पाहिलाय तेवढाच. पण चिंचेला काय, ऊन काय नि बर्फ काय!"

डॉक्टर हसले. पुढच्या उन्हाळ्यात ते गढवालकडच्या एका शिखरावर मोहीम नेणार होते. मागच्या खेपेला डब्यातलं मांस आणि बिस्किटं खाऊन त्यांच्या लोकांच्या तोंडची चवच गेली होती. उंचावर माणसाची भूक आधी मरते आणि मग पाय मरतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना दक्षिणेकडच्या जिभेला रुचेल असा स्वयंपाक हवा होता आणि तो करणारा माणूसही.

मी हो म्हणून बसलो. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "पायांत चप्पल घालाची ठाऊक नाही, आणि निघाले हिमालयाला!" तिचं खरं होतं. आमचा सगळा मुलूख कावेरीच्या गाळाचा, तव्यासारखा सपाट. जवळ स्वामीमलै आहे, मलै म्हणजे डोंगर, पण तोसुद्धा माणसांनी रचलेला. देवाला डोंगर हवा म्हणून आम्ही तो बांधून दिला. त्याच्या पायऱ्या चढून मला दम लागत असे.

मोहीम म्हणजे काय ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं, मलाही नव्हतं. मला वाटलं होतं, सकाळी निघायचं, शिखरावर नारळ फोडायचा, संध्याकाळी परत. तसं नसतं. डोंगराच्या पायथ्याशी मोठा तळ पडतो. तिथून ओझी वर न्यायची, तंबू ठोकायचा, परत खाली येऊन झोपायचं. पुन्हा थोडं वर, पुन्हा खाली. असं करत करत शरीराला विरळ हवेची सवय लावायची. शेवटी हवा साफ असेल तेव्हा दोघं-तिघं वर जातात. लग्नातही असंच, चार दिवस सगळ्यांनी मांडवात खपायचं आणि मुहूर्त दोन मिनिटांचा.

आमच्या शिखराला तर नावही नव्हतं. नकाशावर नुसता उंचीचा आकडा होता. तळावर पोचलो त्या सकाळी धुकं फाटलं आणि ती सगळी रांग एकदम उभी राहिली, एकामागे एक, पांढरी, जिथे आकाश असायला हवं तिथपर्यंत. मी हातातला डाव खाली ठेवला. मला रडू आलं. देवळात मला कधी रडू येत नाही, तिथे माझं लक्ष प्रसादाच्या पातेल्याकडे असतं. पण त्या दिवशी आलं, आणि ही पोरं जीव धोक्यात घालून वर का जातात ते मला कुणाला विचारावं लागलं नाही. मग रोज भांडी घासून झाली की मी तळामागच्या टेकाडावर चढून तासभर त्या रांगेकडे बघत बसे. पहिल्या दिवशी वाटेत सातआठदा बसलो. नंतर नंतर एकदाही नाही.

चुलीने मात्र मला घाम फोडला. तिथे पाणी लवकर उकळतं पण पुरेसं तापत नाही. तांदूळ बाहेरून लगदा आणि आतून खडा. डाळ तर शिजायचं नावच काढत नाही. पहिल्या दोन दिवसांचा भात शेर्पांनीसुद्धा नाकारला. मग मी तांदूळ रात्रभर भिजत घालू लागलो, गोठू नये म्हणून तो डबा उशाशी ठेवला, पातेल्याच्या कडेला कणकेची वात लावून झाकणावर मोठा धोंडा ठेवला, आणि डाळीचा नाद सोडून भाजलेल्या डाळीचं पीठ वापरलं. तिसऱ्या दिवशी भात उतरला. दही विरजायला ऊब हवी, म्हणून दुधाच्या भुकटीचं दूध विरजून ते भांडं मी रात्री पोटाशी धरून झोपे. शेर्पांचा सरदार पासंग मला "दहीची आई" म्हणायचा. तो स्वतः सत्तूच्या गोळ्यात माझं पुळिकाच्चल कालवून खात असे. मी ते चाखून पाहिलं. वाईट नव्हतं, पण हे कुंभकोणममध्ये बोलायची सोय नाही.

आमच्यात चढणारे चौघे. डॉक्टर, त्यांचे दोन मद्रासी मित्र मॅथ्यू आणि शिवरामन, आणि व्यंकू. व्यंकू आमच्या गावचा, आमच्यातलाच मराठी. वडील कचेरीत कारकून. मद्रासला शिकताना याला डोंगराची गोडी लागली, उत्तरेत जाऊन त्याचं शिक्षणही घेऊन आला. सरळ खडकावर तो घरचा जिना चढल्यासारखा चढे. त्याला नुकती बँकेत नोकरी लागली होती. रुजू व्हायच्या आधी एवढी एकच मोहीम, मग डोंगर बंद, असं वडिलांना वचन देऊन तो आला होता. बाकीच्यांना पुढचं वर्ष होतं. व्यंकूला हेच होतं.

तळावर आम्ही दोघं आपल्या मराठीत बोलायचो. तो मला मामा म्हणे. हजार मैलांच्या भोवतालात आमची भाषा बोलणारी आम्ही दोनच माणसं आहोत असं वाटे, आणि खरं सांगतो, ते फार गोड वाटे.

त्याची आणखी एक गोष्ट मला आवडायची. ताट वाढलं की तो ते घेऊन जरा लांब, एका मोठ्या धोंड्यामागे जाई आणि जेवणाआधी कावळ्याला घास ठेवी. आमच्याकडे घरोघरी ही रीत आहे, कावळ्याला भात दिल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. तिथे पिवळ्या चोचीचे काळे पक्षी होते, पासंग त्यांना दुसरंच काही म्हणे, पण आमच्या लेखी ते कावळेच. मॅथ्यू थट्टा करायचा. मी त्याला सुनवायचो की आमच्या गावची मुलं हिमालयात आली तरी पितरांना विसरत नाहीत. दुसरं, आचाऱ्याने जेवणाऱ्याच्या पानाकडे बघत उभं राहू नये, दृष्ट लागते, हे माझ्या बापाने मला मारून शिकवलेलं. त्यामुळे मी त्या धोंड्याकडे कधी वळूनही पाहिलं नाही. ताट लख्ख होऊन परत येई आणि मी मनात म्हणे, वा, पोरगं जेवतंय चांगलं.

हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. मी पळी वाजवली की ते पक्षी इतर कुणाकडे जात नसत. सगळे उडून त्या धोंड्यावर रांगेने बसत, मुंजीच्या पंगतीला बसल्यासारखे. आणि चांगलेच जाड झाले होते.

डॉक्टरांनी वर जाणारे तिघे ठरवले, मॅथ्यू, व्यंकू आणि पासंग. दोन दिवसांनी निघायचं होतं. त्या दुपारी मी पाणी आणायला गेलो तो वाट वाकडी करून धोंड्यामागे गेलो. तिथे भात होता. पाखरांना संपवता आला नाही इतका भात, गोठून दगडाला चिकटलेला, माझ्याच चिंचेच्या रंगाचा.

व्यंकू तंबूत दोर गुंडाळत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"कावळ्यांस घातलास की रे असकं? सगळंच्या सगळं?"

त्याने मान खाली घातली. "मामा, घांस तोंडांत घातलों की पोटांतून वर येतंय. वास आला तरी येतंय."

"कधींपासून?"

"पहिल्यानें थोडं थोडं जात होतं. आतां कॉफी सोडून कांहीं जात नाही."

मी त्याचा स्वेटर वर केला. बरगड्या दिसत होत्या. लोकरीच्या खाली इतके दिवस कुणाला काही कळलं नव्हतं.

"डॉक्टरास सांगतों मी."

"नको मामा!" त्याने माझे हात धरले. "तुमच्या पायां पडतों. मज हें एकच आहे. खालीं गेलों की बँक. मग मेज आणि मी. पाय बेस आहेत माझे, तुम्हीच पाहिलांत. दोन दिवस कोण्ही न जेवून मरतंय काय?"

त्याचे पाय खरंच चांगले होते. मलाही तो वर जायला हवा होता. आमच्या कुंभकोणमचा, आमच्या भाषेचा पोरगा त्या पांढऱ्या टोकावर उभा राहिला असता तर मी गावभर छाती काढून हिंडलो असतो. म्हणून मी म्हटलं, "सांगत नाही. पण माझ्या हातून जेवाचं. माझ्यासमोर. आणि आंत राहिलं पाहिजे."

आमच्याकडे उन्हाळ्यात मुलं गोळा झाली की घरातली मोठी बाई दहीभात कालवते. मुलं तिच्याभोवती गोल बसतात आणि ती एकेकाच्या तळहातावर एकेक घास ठेवत फिरते. ताट नाही, पान नाही. आपला घास गिळला नाही तर पुढची फेरी चुकते. ताटावर न जेवणारी मुलं अशी ढीगभर जेवतात. त्या संध्याकाळी मी सगळ्यांची ताटं ठेवून दिली. मऊ दहीभात केला, आल्याचं कुटलेलं लोणचं आणि तळलेली ताकातली मिरची काढली आणि सगळ्यांना स्टोव्हभोवती बसवलं, डॉक्टरांनाही. हात पुढे करा म्हटलं. लहान मुलांसारखे सगळे हसले, मॅथ्यूने दोन्ही हात पुढे केले, शेर्पा आपली पाळी मोजू लागले. त्या गडबडीत व्यंकूने पहिला घास गिळला. दुसरा गिळला. घास लहान करत मी त्याला वाढत राहिलो आणि तो गिळत राहिला. डॉक्टर म्हणाले, अख्ख्या मोहिमेतलं हे पहिलं जेवण. मी फुशारलो. मला वाटलं, जिंकली.

सकाळी पुन्हा तसंच वाढलं. व्यंकू माझ्याकडे बघून हसला, सहा-सात घास जेवला आणि हात धुवायला उठला. या वेळी मी बापाची शिकवण मोडली. त्याच्या मागे गेलो. तो धोंड्यामागे गुडघ्यावर बसला होता आणि सगळं बाहेर पडत होतं, रात्रीचंसुद्धा. उठताना त्याला दोन्ही हात दगडाला टेकावे लागले. मग त्याने त्यावर पायाने बर्फ ढकलला, तोंड पुसलं, आणि मी दिसलो.

"मामा," तो एवढंच म्हणाला.

त्याला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. शिखर तिथून स्वच्छ दिसत होतं, उन्हात, अगदी हात लावावा असं. मी तिथून निघालो ते थेट डॉक्टरांच्या तंबूत गेलो आणि सगळं सांगितलं, कावळे, भात, बरगड्या. विचार केला असता तर कदाचित सांगितलं नसतं, म्हणून केला नाही.

डॉक्टरांनी त्याला बोलावून तपासलं. त्याच्या जागी शिवरामनला बूट चढवायला सांगितलं. व्यंकूने एकदा खळखळ केली. बाहेर येऊन तो माझ्यासमोर थांबला.

"आमचे मनुष्य म्हणून तुम्हांस सांगितलों होतों, मामा."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

आता वाचकांना वाटेल की वर वादळ झालं असेल, कुणी अडकलं असेल, आणि आचाऱ्याचा शहाणपणा सगळ्यांना पटला असेल. मलाही तेव्हा थोडं तसंच वाटत होतं, देवाने क्षमा करावी. पण तसं काही घडलं नाही. इतकी सुरेख हवा त्या मोसमात पुन्हा लाभली नाही. वारा नाही, ढग नाही. तिघेही शिखरावर पोचले आणि दुसऱ्या दिवशी हसत खाली आले. शिवरामन म्हणाला, शेवटचा टप्पा सोपा आहे, लहान मुलंही चढतील. तो भला माणूस, पण जीभ सैल. व्यंकूने त्याला मिठी मारली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडून दिल्या. त्याला तसं वाकलेलं पाहून मी चुलीकडे तोंड फिरवलं. त्या रात्री मी पायसम केलं, सगळ्यांनी वाट्या चाटून पुसल्या. व्यंकू खाली उतरायला लागल्यावर, दोन मुक्कामांनंतर, आपोआप जेवायला लागला. मी वाढलेलं तो जेवायचा. मान वर करायचा नाही.

गावी आल्यावर तो बँकेत गेला. वर्षभरात त्याचं लग्न ठरलं आणि स्वयंपाक दुसऱ्या आचाऱ्याला दिला. कुंभकोणममध्ये मराठी घरचं लग्न आणि चुलीवर मी नाही, हे गावात सगळ्यांना दिसलं. मला निमंत्रण होतं. मी गेलो. पंक्तीत बसून जेवलो. अवियल, ती नारळ-दह्यातली मिसळीची भाजी, पातळ होतं, रसममध्ये मिरे कमी, आणि हे मी रागाने म्हणत नाही, ते तसं होतंच.

मला नंतर दोन मोहिमांची बोलावणी आली. एकीला गेलो, एकीला गुडघ्यांनी जाऊ दिलं नाही. हात पुढे करून जेवायची रीत डॉक्टरांनी पुढे सगळीकडे चालवली. आचारी म्हणून मी हिमालयात नाव काढलं आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. पण एखाद्या पंक्तीत कुणी पानावरून लवकर उठलं की मला तो धोंडा आठवे.

व्यंकू माझ्याशी बोलला तो फार वर्षांनी. मी धंदा मुलाच्या हाती देऊन पट्टीश्वरमच्या बाजूला लेकीकडे राहत होतो. तो बदली होऊन परत आला होता, केस पांढरे, अंग सुटलेलं, बरोबर दोन मुलं. मुलांना देवळाजवळ सोडून तो एकटा आला. ओट्यावर बसला. बराच वेळ पावसापाण्याचं आणि बँकेचं बोलला. मग म्हणाला,

"मामा, खरं सांगा. गेलों असतों तर पोंचलों असतों मी."

"पोंचला असतास," मी म्हटलं. त्यात मला कधीच शंका नव्हती.

"मग?"

"पोंचणं तुझं काम. उतरणं कोणाचं? दोन्ही हात दगडास टेकून उठलास तूं, मी पाहिलों."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं, आणि ते लपवायचं वय दोघांचंही उरलं नव्हतं. जन्मभर मी लोकांना पोटभर वाढलं. परक्याला वाढलं, वैऱ्यालाही वाढलं, माझ्या दारातून कुणी रिकाम्या पोटी गेलं नाही. एका माणसाला तेवढं उपाशी ठेवलं, आणि तोही आमच्यातला. त्याची भूक त्या डोंगराची होती, ती मला आजही दिसते. ती भागवणं माझ्या हातात होतं आणि मी हात मागे घेतला. उद्या पुन्हा तीच सकाळ आली तर पुन्हा घेईन.

"अजून रागावला आहेस?" मी विचारलं.

"आहें," तो म्हणाला. "असाच राहणार."

"राहा," मी म्हटलं. "पण मुलांस घेऊन ये. तीं जेवलीं नसतील."

तो उठला आणि त्यांना बोलवायला देवळाकडे गेला. मी आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले.